फॉलोअर्स नव्हेत, यजमान : तीर्थोपाध्यांच्या वह्यांचा इतिहास

#थ्रेड

कोकणातल्या एका होमस्टेच्या मालकांशी मागच्या महिन्यात बोलणे झाले. तीन वर्षे रील टाकून त्यांनी काही हजार फॉलोअर्स जमवले होते. एके सकाळी खाते बंद पडले आणि ते का, हे सांगायला कोणी नव्हते. ते म्हणाले, "पाहुण्यांचे नंबरसुद्धा त्यातच होते हो."

मित्रहो, प्रवाशांच्या जिवावर चालणारा छोटा व्यवसाय आणि त्याची प्रसिद्धी ही गोष्ट इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे. आजचा थ्रेड त्या व्यवसायाच्या जुन्या जाणकारांवर, म्हणजे तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांवर.

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" उत्तर मिळताच तुमचे उपाध्ये कोण, हे निश्चित होते. यात्रेकरूची उतरण्याची सोय, जेवण, विधी, गावातली वाटाघाट हे सारे पूर्वी त्यांच्याच हाती असे. त्यांचे भांडवल एकच, ते म्हणजे लांबट, लाल कापडात बांधलेल्या वह्या. त्यांत आडनाव व गाव यांच्या क्रमाने घराण्यांच्या नोंदी : कोण आले, केव्हा आले, सोबत कोण होते, मुलांची नावे काय.

या नोंदीचा मजकूर बारकाईने वाचण्यासारखा असतो. यात्रेकरू स्वहस्ते लिहून देतो की अमुक हे आमचे तीर्थोपाध्ये, आमच्या वंशातील जो कोणी येथे येईल त्याने यांनाच मानावे. म्हणजे एकाच लेखात पाहुण्याचा अभिप्राय आला, पुढच्या पिढ्यांना केलेली शिफारस आली आणि एक प्रकारचा करारही आला. आजच्या पंचतारांकित रिव्ह्यूला एवढे वजन नाही.

ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचे काय? प्रयागच्या संगमावर याचे उत्तर आजही वाऱ्यावर फडकताना दिसते. तेथील प्रयागवाळ उंच बांबूवर आपापली निशाणे लावतात. कोणाचा मासा, कोणाचा हत्ती, कोणाचा नारळ. लाखोंच्या गर्दीत यात्रेकरू नाव विचारत नाही, निशाण शोधतो. लोगो या शब्दाची गरज न पडता लोगोचे काम तिथे चाललेले असते.

पण यजमान आपण होऊन येईपर्यंत वाट पाहणे सर्वांना परवडत नसे. सर्वांत आक्रमक प्रसिद्धी होती पुरीच्या जगन्नाथाची. विल्यम विल्सन हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या ओडिशावरील ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन आहे. त्याच्या अंदाजाने सुमारे ३,००० हस्तक पुरीहून निघून गावोगाव हिंडत, आणि प्रत्येकाचा टापू वाटून दिलेला असे. हस्तक गावात शिरे, पुरुष शेतावर जाण्याची वाट पाही आणि मग घरोघरी जाऊन बायकांशी बोले. म्हाताऱ्यांपुढे पापक्षालनाचा विषय निघे, तरुणींपुढे वेगळा. कोणापुढे काय बोलावे याची ही समज आजच्या जाहिरातदारांना नवी वाटू नये.

हंटरच्या लेखणीत वसाहतवादी तुच्छता आहे, ती वगळूनच त्याला वाचावे लागते. तरीही त्याने नोंदलेली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. रथयात्रा ऐन पावसाळ्याच्या तोंडावर येते. खर्चून गेलेले, थकलेले, भिजलेले यात्रेकरू परतीच्या वाटेवर मोठ्या संख्येने मरत. हस्तक जाण्याची वाट रंगवून सांगे, येण्याची नाही. हा दोष प्रसिद्धीच्या धंद्याला तेव्हापासूनच चिकटलेला आहे.

आता पुन्हा वहीकडे येऊ, कारण माझ्या मते मुख्य मुद्दा तिथे आहे. उपाध्येपणाचा हा हक्क, ज्याला आपल्या कागदपत्रांत 'वृत्ती' किंवा 'यजमानकृत्य' म्हणतात, ही मालमत्ता होती. भावाभावांत तिची वाटणी होई, ती गहाण पडे, तिच्यावरून कज्जे चालत. वंशपरंपरागत पौरोहित्याचा हक्क हिंदू कायद्यानुसार स्थावर मालमत्तेत मोडतो, अशी भूमिका एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. घर, शेत आणि ग्राहकांची यादी एकाच पंक्तीत! या व्यवस्थेत यजमानाला निवडीचे स्वातंत्र्य फारसे नव्हते आणि सारा डोलारा जातींच्या चौकटीवर उभा होता, हे विसरू नये. पण यादी ज्याची, त्याच्याच घरात राही. ती एका सकाळी नाहीशी करणारा मधला कोणी नव्हता. पूर आला, वाळवी लागली, तर गोष्ट वेगळी.

या वह्यांचे मोल बाहेरच्यांनीही ओळखले. १९७०च्या दशकापासून अमेरिकेतील युटाच्या वंशावळी संस्थेने हरिद्वार व इतर क्षेत्रांतील वह्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या. आपल्या विद्यापीठांतले इतिहास विभाग मात्र त्यांच्याकडे अजून क्वचितच वळतात. (हे मी स्वतःच्या विभागाबद्दलही म्हणतो आहे.)

गेल्या वर्षी आजोबांना घेऊन मी नाशिकला गेलो होतो. उपाध्यांनी दहा मिनिटांत पान काढले : शके १८३२, पणजोबांच्या वडिलांचा मोडीतला लेख. आजोबांना ती लिपी वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवला. आपल्या आजोबांच्या हाताचे अक्षर ते आयुष्यात प्रथमच पाहत होते. बराच वेळ त्यांनी पानावरून बोट काढले नाही.

मग उपाध्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी उत्साहाने मोडीत सुरुवात केली, तशी त्यांनी थांबवले. "देवनागरीतच लिहा हो. आमच्या मुलाला मोडी येत नाही. आणि शेवटी मोबाइल नंबर टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर सिंहस्थाचे वेळापत्रक पाठवू."