गाजर गवताची खाज गोळीने का थांबत नाही?

मिहानसारख्या परिसरात भूखंड पडीक राहिला की पावसाळ्यात गाजर गवत माजतेच. १९५०च्या दशकात पुण्यात आढळलेले हे तण अनेकांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर खाजरे चट्टे उठवते. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेतील टी-पेशींना चेतवते आणि दाह सुरू होतो.

अंगावर पित्त उठते तेव्हा खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे येते, म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी लागू पडते. अशा दाहात मात्र टी-पेशींमधून इंटरल्यूकिन-४, १३ आणि ३१ ही रसायनेही सुटू शकतात. संवेदी चेतातंतूंवर त्यांचे ग्राही असतात. खाजेचा संदेश हिस्टामिनशिवायच मेंदूकडे जातो. गोळीने झोप लागते, खाज तशीच.

चेतातंतू नुसता निरोप्याही नाही. खाजवल्यावर त्याच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’ सुटते. रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी दाहक पेशी जमतात आणि खाज वाढते. नखांनी त्वचा फाटते ती वेगळीच.

त्यामुळे आधी दाह आवरावा लागतो. स्टेरॉइडचे मलम त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच लावावे. मिहानमध्येच एम्स आहे. गवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. ज्याला त्रास आहे त्याने ते उपटूच नये.