सहा जण, दोन गाड्या आणि एक हरवलेला रस्ता

संपादक मंडळाने इतिहासावर लेख मागितला तेव्हा मी पेणच्या गणपतींवर नाहीतर रोह्याच्या सी. डी. देशमुखांवर लिहीन, असे बऱ्याच जणांनी गृहीत धरले होते. मी पेणची माहेरवाशीण आणि रोह्याची सासुरवाशीण, त्यामुळे त्यांचेही बरोबरच. पण या दोन्ही विषयांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे आपल्याच वर्गात आहेत. मी लिहिते आहे ते १९५५-५६ साली चित्रित झालेल्या एका प्रवासाबद्दल: लंडन ते सिंगापूर, मोटारीने. शाळेत इतकी वर्षे इतिहास शिकवला, त्यात पुरावा म्हणजे काय हे मुलांना समजावताना मला या फिल्मचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कुठल्याही ताम्रपटाचा झाला नाही.

प्रवासी होते ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण: टिम स्लेसर, एड्रियन कॉवेल, अँटनी बॅरिंग्टन ब्राउन, हेन्री नॉट, पॅट मर्फी आणि नायजेल न्यूबेरी. पैसे जवळपास नाहीतच. कंपन्यांना पत्रे लिहून सामान मिळवलेले, आणि लँड रोव्हरच्या दोन गाड्या. एक गडद निळी, तिचे नाव 'ऑक्सफर्ड'. दुसरी फिकट निळी, ती 'केंब्रिज'. १ सप्टेंबर १९५५ रोजी ते लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरून निघाले आणि ६ मार्च १९५६ रोजी सिंगापूरला पोचले. म्हणजे सहा महिने आणि सहा दिवस.

यात नवीन काय, असे कोणी विचारील. लंडनहून हिंदुस्थानपर्यंत मोटारीने मेजर फोर्ब्स-लीथ १९२४ सालीच आले होते. फ्रान्सिस बर्टल्स नावाचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ तर १९२७-२८ मध्ये भारत, ब्रह्मदेश करत लंडनहून निघून मेलबर्नपर्यंत गेला. समुद्र लागला तिथे तेवढी बोट घेतली. स्लेसर यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'फर्स्ट ओव्हरलँड' आहे, पण त्यातल्या 'फर्स्ट'वर एखादा चिकित्सक बोट ठेवू शकेल. मला त्या वादात रस नाही. मला रस आहे तो बॅरिंग्टन ब्राउन यांच्या कॅमेऱ्यात.

हे गृहस्थ तुम्हाला माहीत आहेत, फक्त नाव माहीत नाही. जीवशास्त्राच्या कित्येक पुस्तकांत एक फोटो असतो: वॉटसन आणि क्रिक डीएनएच्या उंच, तारांच्या नमुन्याशेजारी उभे आहेत आणि क्रिक हातातल्या मोजपट्टीने वर काहीतरी दाखवत आहेत. तो फोटो मे १९५३ मध्ये याच बॅरिंग्टन ब्राउन यांनी काढला. ज्या मासिकासाठी काढला, त्याने तेव्हा तो छापलाही नाही. दोन वर्षांनी हाच माणूस मोहिमेचा कॅमेरामन म्हणून गाडीत बसला.

फिल्म मिळाली कशी, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्या काळी चित्रणाचे रीळ महाग, आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला तर न परवडणारेच. बीबीसीत तेव्हा एकोणतीस वर्षांचा एक निर्माता होता. त्याने संपूर्ण प्रवासाला पुरेल इतकी फिल्म या मुलांना दिली. त्याचे नाव डेव्हिड अटेनबरो. आपल्या नातवंडांना ज्यांचा आवाज प्राण्यांच्या मालिकांमधून ठाऊक आहे, तेच. परत आणलेल्या चित्रणातून बीबीसीने तीन कार्यक्रम केले. इंग्लंडमधल्या लोकांनी ते घरी बसून पाहिले. आपल्याकडे मात्र मुंबईला दूरदर्शन यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडायचे होते. आपल्यासाठी पडद्यावरचा माहितीपट म्हणजे सिनेमाआधी लागणारी फिल्म्स डिव्हिजनची रिळे, आणि ती लागली की बाहेर शेंगदाणे आणायला जाणारी आपली मुले.

आता मुख्य गोष्ट. युरोप, तुर्कस्तान, दमास्कस, बगदाद, तेहरान, मग दिल्ली, काठमांडू, कलकत्ता, हा सगळा भाग कठीण असला तरी रस्त्यांचा होता. खरे कोडे आसामच्या पलीकडे होते. लेडो या गावापासून ब्रह्मदेशात शिरणारा एक रस्ता होता, त्याला आपण स्टिलवेल रोड म्हणतो. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर चीनला रसद पोचवायचा खुष्कीचा मार्ग तुटला, म्हणून अमेरिकनांनी डिसेंबर १९४२ मध्ये हा रस्ता खोदायला घेतला. पांगसौ खिंड, पुढे शिंगब्वियांग, मिचिना, भामो, आणि शेवटी जुन्या बर्मा रोडला मिळून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत. एकूण लांबी १,७३६ किलोमीटर. त्यातला भारतातला भाग जेमतेम साठेक. १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. ऑगस्टमध्ये युद्ध संपले. एवढा खटाटोप, आणि वापर काही महिन्यांचा!

हा रस्ता सुमारे पंधरा हजार अमेरिकन सैनिकांनी आणि पस्तीस हजार स्थानिक मजुरांनी केला. अमेरिकन सैनिकांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मजुरांत आसामच्या चहामळ्यांतून आणलेले लोकही होते. मलेरिया, दरडी आणि आपल्या कोकणालाही लाजवील असा पाऊस. अकराशेच्या आसपास अमेरिकन मेले, हा आकडा सगळीकडे सापडतो. मजूर किती मेले, याचा तितका नेमका आकडा पुस्तकांत शोधून पाहा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल.

ज्यांनी प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' वाचली आहे, त्यांना डोंगरातला रस्ता माणसे कशी मागतो हे वेगळे सांगायला नको. पेंढारकर स्वतः फिल्म्स डिव्हिजनमध्ये माहितीपट करणारे होते, हे मला फार सूचक वाटते. कॅमेऱ्यात न मावलेले त्यांनी कादंबरीत घातले असावे.

१९५६ च्या सुरुवातीला हे सहा जण त्या रस्त्याला लागले तेव्हा युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. दहा पावसाळे! देखभाल नसलेल्या रस्त्याचे दहा पावसाळ्यांत काय होते, हे मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ-नागोठणे-कोलाड जा-ये करणाऱ्या आपल्या पिढीला सांगण्याची गरज नाही. तिथे तर जंगल दोन्ही बाजूंनी चालून आलेले, पूल मोडलेले, नद्या उतरूनच पार करायच्या. तरी ते पलीकडे निघाले, आणि ते दृश्य फिल्मवर राहिले. त्यानंतर बंडखोरी आणि बंद सीमा यांमुळे त्या रस्त्याचा बराच भाग जंगलाने परत घेतला. म्हणजे आज तो रस्ता १९५६ मध्ये कसा होता हे पाहायचे, तर या मुलांनी घेतलेली ही काही मिनिटे हाताशी आहेत. ते गेले होते साहस करायला, आणि मागे ठेवला दस्तऐवज.

पण दस्तऐवज कोणाच्या हाती राहतो, यावरही बरेच अवलंबून असते. याची उलटी गोष्ट १९३१-३२ सालची आहे. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीने बैरुतहून चीनकडे एक भव्य मोहीम काढली. जॉर्ज-मारी हार्ट तिचे प्रमुख. श्रीनगरहून गिलगिटच्या वाटेवर गाड्या जागोजागी सुट्या करून हमालांच्या खांद्यावरून न्याव्या लागल्या. हार्ट परतीच्या वाटेवर हाँगकाँगला वारले. चित्रण करणारा आंद्रे सोव्हाज हा कसदार दिग्दर्शक होता. पण त्याने केलेले संकलन कंपनीला पसंत पडले नाही, त्याच्या हातून फिल्म काढून दुसऱ्याला दिली गेली आणि १९३४ मध्ये ती वेगळ्याच रूपात पडद्यावर आली. सोव्हाजने सिनेमाच सोडला. केंब्रिजच्या पोरांकडे पैसा नव्हता, म्हणून कंपनीचा तेवढा धाक नव्हता. गरिबीचा असाही फायदा असतो.

मोहिमेतली माणसे पुढे कुठे गेली? स्लेसर बीबीसीतच निर्माते झाले. कॉवेल यांनी माहितीपटांत आयुष्य घातले. ब्रह्मदेशातल्या शान प्रांतातली अफूची युद्धे आणि ॲमेझॉनच्या जंगलाचा विध्वंस त्यांनी वर्षानुवर्षे चित्रित केला. २०११ मध्ये ते गेले. बॅरिंग्टन ब्राउन २०१२ मध्ये मोटार अपघातात गेले. 'केंब्रिज' गाडी नंतरच्या एका मोहिमेत दरीत कोसळली. 'ऑक्सफर्ड' मात्र अटलांटिकमधल्या सेंट हेलिना बेटावर गंजत पडलेली सापडली, दुरुस्त झाली, आणि २०१९ मध्ये सिंगापूरहून उलट लंडनला निघाली. स्लेसर तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे. तेही जाणार होते, पण ऐन निघताना आजारी पडले आणि त्यांच्या जागी त्यांचा नातू नॅट जॉर्ज गाडीत बसला. डिसेंबरात गाडी लंडनला पोचली. चौसष्ट वर्षांपूर्वीचा मार्ग जसाच्या तसा धरणे मात्र आता शक्य नव्हते.

आता आपल्या वर्गाशी असलेला संबंध. माझे वडील बांधकाम खात्यात होते. आपली दहावी झाली तेव्हा पेणला आगगाडी नव्हती आणि दाखल्यावर जिल्हा 'कुलाबा' होता, हे विसरू नका. रायगड हे नाव १९८१ चे. आजोबांच्या बोलण्यात तर धरमतरची तर आणि भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच यांच्यापलीकडे मुंबईचा रस्ता नसे. वडिलांच्या ट्रंकेत पेण-रोहा भागातल्या एका रस्त्याच्या कामाचा फोटो आहे. खडी फोडणाऱ्या बायका, डांबराचे पिंप, एक रोलर, आणि मध्ये टोपी घातलेले साहेब. फोटोमागे शाईने नाव लिहिले आहे ते फक्त साहेबांचे. बायका नऊ आहेत. एकीच्या कडेवर मूल आहे. वडील होते तोपर्यंत त्यांना त्यातल्या दोघींची नावे आठवत होती, ती मी पेन्सिलने मागे लिहून ठेवली. बाकीच्या सात जणी नुसत्याच उभ्या आहेत.

लेडोच्या त्या फिल्ममधल्या मोडक्या पुलावरून गाडी जाते तेव्हा मला दर वेळी या सात जणी आठवतात. १९८६ साली रोह्याला गाडी आली, पुढे कोकण रेल्वेचे रूळ रोह्यापासून सुरू झाले. या कामांवरच्या किती जणांचे फोटो आपल्या ट्रंकांत असतील, कोण जाणे.

मेळाव्याच्या दिवशी जुन्या फोटोंचे टेबल मी सांभाळणार आहे. शाळेचे, सहलीचे, गावातल्या कामांचे, जे असतील ते आणा. आणण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा आणि त्यांना आठवतील ती नावे मागे लिहा. पेनाने नको, पेन्सिलने, कागदाला इजा होत नाही. आपल्या वर्गाच्या ग्रुप फोटोत डावीकडे घंटेजवळ शिपाईमामा उभे आहेत. त्यांचे पूर्ण नाव कोणाला माहीत असेल, तर मला आधीच फोन करा.