जुनी गाडी पाणी पितेय? कूलंटची गळती कशी शोधायची, कशी बंद करायची

उन्हाळा लागला की गावाकडच्या जुन्या गाड्यांची एकच तक्रार असते: गाडी पाणी पिते. मग डिकीत बोअरच्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायच्या, रोज सकाळी भरायच्या आणि चालवायची. कन्नडच्या औट्रम घाटात बोनेट उघडून उभी असलेली गाडी बऱ्याचदा अशी रोज पाणी पाजलेलीच असते. रेडिएटरमधलं पाणी पेट्रोलसारखं खर्च होत नाही. पाणी बंद पाइपांतून फिरतं. कमी झालं म्हणजे एक तर बाहेर गळतंय, नाही तर इंजिनात जातंय.

पहिली गोष्ट जिवाची. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब ते आत धरून ठेवतं. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११५-१२० पर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन बंद करून वरच्या पाइपाला हात लावता येईल एवढं गार होऊ द्या. अर्धा-पाऊण तास लागतोच. मग जाड फडकं ठेवून झाकण हळूहळू फिरवा.

गळती शोधायला सकाळची वेळ चांगली. रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग बघा. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं असतं, हाताला थोडं बुळबुळीत लागतं. काळा डाग ऑइलचा. एसी चालवल्यावर खाली टपकणारं स्वच्छ पाणी गळती नव्हे, त्यासाठी गॅरेज गाठू नका. डाग जिथं पडला त्याच्या बरोबर वर बघा, पण एक लक्षात ठेवा, पाणी पाइपावरून ओघळत लांब जाऊन टपकतं. ओमनीत तर रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, मधले पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. तिथं वाकून सगळी लाइन बघावी लागते.

पुठ्ठा कोरडाच राहिला तर वाळलेल्या खुणा बघा. गळती झालेल्या जागी पांढरा किंवा हिरवट थर धरलेला असतो. आधी होज पाइपची टोकं आणि क्लिपा बघा, जुन्या गाडीत सगळ्यात जास्त गळती इथंच. गार असताना पाइप दाबून बघा. कडक झालाय, फुगलाय किंवा बारीक चिरा दिसतायत, तर बदलाच. मग रेडिएटरच्या जाळ्या आणि वरची-खालची टाकी. मग वॉटर पंप, ज्याला बरेच मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्यातून ओघळ दिसला की आतलं सील गेलं समजायचं. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जाम होतो.

पायाखालची मॅट ओली, काचेवर आतून चिकट वाफ आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी फुटली आहे.

बाहेर कुठंच काही नाही आणि पाणी तरी कमी होतंय, तर गोष्ट हेड गॅस्केटवर येते. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर गाडी चालू करू नका. गार गाडीचं झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येणं, सायलेन्सरमधून पांढरा धूर न थांबणं, या त्याच्याच खुणा. गॅरेजमध्ये रेडिएटरला हातपंप लावून दाब भरायला सांगा. काटा खाली आला तर गळती नक्की.

दुरुस्तीचं म्हणाल तर क्लिप, झाकण आणि होज पाइप घरीही बदलता येतात. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर नवं टाका, आकडा मात्र तोच. जुन्या पितळी रेडिएटरला झाळ बसते. अल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी असेल आणि ती चिरली, तर लेप टिकत नाही. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्टही सोबतच बदला, मजुरी एकच लागते. हेड उतरवलं तर लेथवर फेसिंग तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय आपल्याकडे जुना आहे. बारीक भोक तात्पुरतं बंद होतंही, पण तीच हळद जाळ्यांत साचते. बोअरचं पाणीही तसंच. त्यातले क्षार किटलीत धरतात तसेच आत धरतात. गळती काढल्यावर सिस्टीम धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. डब्यावर 'तयार मिश्रण' लिहिलं असेल तर पाणी मिसळू नका.

भरल्यावर हवा काढणं बरेच जण विसरतात. गाडीचं तोंड चढावर करून, गार असतानाच झाकण काढून इंजिन सुरू करा, हीटर असेल तर फुल ठेवा. बुडबुडे येतील तशी पातळी खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.

वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर चालू आणि गाडी बाजूला. काट्यावरही पूर्ण भरवसा नको. पाणी सगळं संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. माणसाला वाटतं गाडी गार झाली, तोवर हेड वाकलेलं असतं. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

काढलेलं कूलंट गोठ्याजवळ, हौदाजवळ ओतू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्रं, शेळी चाटते आणि ते विषारी असतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. पुढचे आठ दिवस रोज सकाळी गार गाडीत बाटलीची पातळी बघा. खूण हलली नाही तर काम झालं.