कर्करोगाचें भय : एका समजुतीचा इतिहास

कर्करोगाचें नांव आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत मोठ्यानें उच्चारलें जात नाहीं. रोग्यापासून तें लपविलें जातें. कोणी संसर्गाच्या धास्तीनें त्याचीं भांडीं वेगळीं ठेवावयास सुचवितो, कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवितो, आणि शस्त्र लागलें कीं गांठ पसरते, हें वाक्य तर सर्वांच्याच तोंडीं असतें. या समजुतींस निव्वळ अज्ञान म्हणून हिणविणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. भयालाही इतिहास असतो, आणि तो पाहिल्यावांचून भय ओसरत नाहीं.

हिपोक्रॅटीसच्या नांवावर चालत आलेल्या ग्रीक सूत्रांत, खोल दडलेल्या कर्करोगावर उपचार न करणेंच बरें, कारण उपचारानें रोगी लवकर मरतो, असा सल्ला आहे. पुढें दुसऱ्या शतकांत गेलननें या रोगाचें मूळ काळ्या पित्तांत कल्पिलें. दोष जर सर्व शरीरभर, तर एक गांठ कापून काय साधणार? आपल्या सुश्रुतसंहितेंतही, अर्बुदाचा अंश मागें राहिल्यास तें पुन्हा वाढतें, असा इशारा आहे. त्या काळीं खरी भूल नव्हती, जंतुनाशन नव्हतें. शस्त्राखालीं गेलेला रोगी अनेकदा जखम सडून दगावे. तेव्हां शस्त्राचें भय ही भ्रांति नव्हती. तो अनुभव होता.

परंतु १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला, आणि १८६७ सालीं लिस्टरनें जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति प्रसिद्ध केली. दरम्यान १८५८ सालीं फिर्खोनें रोगाचें स्थान पेशींत असल्याचें प्रतिपादिलें, आणि काळ्या पित्ताची कल्पना मागें पडली. १८९५ सालीं क्ष-किरण व १८९८ सालीं रेडियम हातीं आलें. १९४७ सालीं फार्बरनें रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या मुलांवर औषधाचा प्रयोग आरंभिला. प्रथम सुधारणा कांहीं महिन्यांचीच ठरली, पण आज त्या रोगाचीं बहुतेक मुलें पूर्ण उपचार मिळाल्यास बरीं होतात. वैद्यांनाही स्वतःचे ग्रह सोडावे लागले. स्तनाच्या कर्करोगांत जितकें अधिक कापावें तितकें बरें, हें हॉल्स्टेडचें मत अनेक दशकें प्रमाण होतें. १९८० नंतरच्या दशकांतील तुलनात्मक चाचण्यांनीं दाखविलें कीं, रोग आरंभींच आढळल्यास लहान शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनीं आयुष्य तितकेंच लाभतें.

या विद्येचें दार महाराष्ट्रांत लवकरच उघडलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें. पण आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो तो बार्शीचा अनुभव. तेथें १९८७ पासून ग्रामीण भागांतील कर्करोगाची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव फिरून रोगाचीं पूर्वचिन्हें समजावून सांगत. कांहीं वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभींच्या अवस्थेंत घेऊन येणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण वाढलें. येथें नवें औषध आलें नव्हतें. केवळ शब्द पोंचला होता. पुढें त्याच भागांत, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्या गटास विषाणूची चाचणी एकदां देण्यांत आली, त्यांत या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यानें घटले.

सर्वच कर्करोग बरे होतात, असें आम्ही म्हणत नाहीं. उपचार कष्टाचे व पुष्कळदां खर्चाचेही असतात. परंतु भयामुळें विलंब होतो, विलंबानें रोग पसरतो, पसरलेल्या रोगानें मृत्यु येतो, आणि तो मृत्यु शेजाऱ्याचें भय दृढ करितो. शस्त्राला दोष मिळतो, विलंबाला मिळत नाहीं. हें चक्र विलंबाच्या ठिकाणींच तोडतां येतें. कांहीं कर्करोगांस कारण होणारे विषाणु संसर्गानें पसरतात हें खरें. पण रोग्याच्या शुश्रूषेनें, स्पर्शानें वा पंक्तीस बसल्यानें कर्करोग जडत नाहीं. न भरणारें क्षत, नवी गांठ, अवेळीं रक्तस्राव यांपैकीं कांहीं दिसल्यास वैद्याकडे जाण्यास मुहूर्त पाहूं नये. पूर्वजांच्या भयास कारण होतें. आपल्या विलंबास तें उरलेलें नाहीं.