शून्य पत्त्यावरील चोरवाट

संगणकांच्या वाढत्या वेगाविषयीं व घटत्या किमतींविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. त्यांच्या अंतर्भागास तटबंदी कसकशी चढत गेली, ही कथा मात्र सुशिक्षित वाचकांसही फारशी परिचित नसते. त्या कथेंतील एकच प्रकरण आम्ही येथें घेणार आहों. तें लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचें असून त्यांतील मुख्य घटना २००९ सालच्या जुलै व ऑगस्ट ह्या दोन महिन्यांत घडल्या.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा बालेकिल्ला होय. मेमरी, फायली, नेटवर्क ह्या सर्वांवर त्याची सत्ता चालते. इतर प्रोग्रॅमांनीं त्याच्याकडे अर्ज करावा व त्यानें तो मंजूर किंवा नामंजूर करावा, अशी व्यवस्था असते. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत आरंभिलेला लिनक्सचा कर्नल सी ह्या भाषेंत लिहिलेला आहे, आणि सी भाषेचें सारें सामर्थ्य पॉइंटरांत आहे. मेमरींतील एखाद्या जागेचा पत्ता लिहून ठेवलेली चिठ्ठी, असें पॉइंटराचें स्वरूप सांगतां येईल. चिठ्ठी कोरी आहे हें दाखविण्यासाठीं तींत शून्य लिहिण्याचा प्रघात आहे. अशा कोऱ्या चिठ्ठीची कल्पना टोनी होअर ह्या इंग्रज पंडितानें १९६५ सालीं एका अल्गोल-वंशीय भाषेंत, करण्यास सोपी म्हणून घातली, आणि २००९ सालीं एका व्याख्यानांत ती आपली अब्जावधि डॉलरांची चूक होती असें त्यानें स्वतःच सांगितलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं लिनक्सला तिची झळ लागली.

ती कशी लागली हें समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरांवर त्या काळीं चालता प्रोग्रॅम व कर्नल हे पत्त्यांच्या एकाच विस्तारांत नांदत असत. खालचे पत्ते प्रोग्रॅमाचे, वरचे कर्नलचे. प्रोग्रॅमास वरच्या माडीवर जाण्यास बंदी होती, परंतु कर्नलला खालीं उतरण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. आतां कर्नलच्या हातीं कोरी चिठ्ठी आली, आणि ती कोरी आहे हें न पाहतां तो त्या पत्त्यावर गेला, तर तो शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर, म्हणजे खालच्या मजल्याच्या अगदीं तळाशीं पोंचतो. तेथें कांहीं नसेल तर प्रोसेसर तक्रार करतो व काम बंद पडतें. पण एखाद्या लबाडानें तेथें आधींच आपलें सामान मांडून ठेवलें असेल, तर कर्नल तें आपलेंच समजून वापरतो, आणि तेथें कोड असल्यास तो आपल्या पूर्ण अधिकारानें चालवितो! जुने डॉस प्रोग्रॅम चालविणाऱ्या साधनांस तळाचे पत्ते लागत, म्हणून ते मोकळे ठेवलेले होते. २००७ सालीं तळाचा कांहीं भाग सामान्य प्रोग्रॅमांस बंद करण्याची सोय कर्नलांत झाली. तेवढ्यानें काम भागलें असें पुष्कळांस वाटलें.

जुलै २००९ मध्यें ब्रॅड स्पेंगलर ह्यांनीं तो भ्रम दूर केला. नेटवर्कसाठीं आभासी बोगदा उघडून देणाऱ्या एका ड्रायव्हरांत कर्नलचा लेखक आधीं पॉइंटराच्या मागें जाऊन एक किंमत वाचीत होता, व नंतरच्या ओळींत तो पॉइंटर कोरा तर नाहीं ना, हें तपाशीत होता. म्हणजे आधीं विहिरींत उडी टाकावयाची व मग पाणी आहे काय हें पाहावयाचें! तरी तपासणी होती, म्हणून वाचणाऱ्यास चूक दिसत नसे. परंतु जीसीसी ह्या कंपायलरानें तर्कशास्त्र लढविलें: ज्या अर्थीं हा पॉइंटर वापरून झाला आहे त्या अर्थीं तो कोरा असूंच शकत नाहीं, सबब पुढील तपासणी निरर्थक आहे. आणि त्यानें ती वगळून टाकली. सी भाषेच्या नियमांप्रमाणें कंपायलराचें कांहींएक चुकलें नव्हतें. मूळ लेखांत असलेला पहारेकरी यंत्राच्या भाषेंत उतरतांना नाहींसा झाला, एवढेंच.

तळ बंद करण्याच्या सोयीचीही गत चमत्कारिक झाली. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीनें निर्माण केलेली एसईलिनक्स ही अधिक कडक पहाऱ्याची व्यवस्था. पण ती चालू असतां तिच्या प्रचलित नियमांनुसार सामान्य वापरकर्त्यास शून्याच्या पत्त्यावर जागा मिळूं शके, आणि ती बंद असतां मिळत नसे! जादा पहारा बसविल्यानें दार उघडें राहिलें, असा हा प्रकार. पुढच्याच महिन्यांत टॅव्हिस ऑर्मंडी व ज्युलियां तिन्नेस ह्यांनीं सॉकेटांच्या कोडांतील दुसरा तसाच दोष उघडकीस आणला; तो २००१ सालापासूनच्या सर्व कर्नलांत वास करून होता. आठ वर्षें असंख्य डोळ्यांखालून तो सुखानें गेला.

येथें वादाचा खरा मुद्दा येतो. सुरक्षेचा दोष हा इतर दोषांसारखाच एक दोष, तो सांपडला कीं दुरुस्त करावा, त्याचें निराळें स्तोम माजवूं नये, अशी टॉरव्हाल्ड्स ह्यांची भूमिका. ती त्यांनीं २००८ सालीं अत्यंत कडक शब्दांत मांडली होती. रायगडाची हिरकणी ज्या कड्यावरून उतरली तेथें मागाहून बुरूज बांधला, अशी दंतकथा आहे. तीच ही रीत. उलट, दोष राहणारच असें गृहीत धरून, एक दोष सांपडल्यानें गड पडणार नाहीं अशी रचनाच करावी, हें स्पेंगलर यांचें, तसेंच पॅक्स ह्या नांवाखालीं निनावी राहून २००० सालापासून काम करणाऱ्यांचें मत. स्पेंगलर यांची भाषा बोचरी होती, व तिनें त्यांच्या पक्षाचें नुकसानच झालें असें आम्हांस वाटतें. तथापि न्याय त्यांच्याच बाजूस होता. कर्नलनें वापरकर्त्याच्या मेमरींतील सामानास परवानगीवांचून हात लावूं नये, हा निर्बंध पॅक्सनें ३२-बिट यंत्रांवर २००९ पूर्वींच अमलांत आणून दाखविला होता. मुख्य लिनक्सांत तो घेतला गेला नाहीं.

अखेरीस प्रोसेसर करणाऱ्यांसच तो पटला. २०१२ सालच्या इंटेलच्या प्रोसेसरांत वापरकर्त्याचा कोड चालविण्यास कर्नलला मनाई करणारी सोय आली, आणि २०१४ मध्यें तेथील मजकूर विनापरवाना वाचण्यालिहिण्यास मनाई करणारी. तेव्हां हल्लेखोर कर्नलच्याच कोडाचे तुकडे जुळवून आपलें काम साधूं लागले. त्यासाठीं कर्नलचे पत्ते माहीत असावे लागतात. म्हणून २०१४ सालापासून कर्नलला दर वेळीं निराळ्या पत्त्यावर बसविण्याची सोय झाली, व २०१८ च्या जानेवारींत निघालेल्या आवृत्तीपासून संदेशांत छापले जाणारे पॉइंटर सामान्यतः रूप बदलून छापले जाऊं लागले. दरम्यान नोव्हेंबर २०१५ मध्यें कीज कुक ह्यांनीं कर्नलच्या आत्मसंरक्षणाचा उपक्रम सुरू करून पॅक्सच्या कित्येक कल्पना मुख्य प्रवाहांत आणण्यास आरंभ केला होता. टॉरव्हाल्ड्स-पक्षानें वाद मिटल्याचें कधीं जाहीर केलें नाहीं; कोडानें मात्र तो बऱ्याच अंशीं मिटविला.

डिसेंबर २०२२ मधील आवृत्तींत रस्ट ह्या भाषेस कर्नलांत प्रवेश मिळाला. तिच्यांत साधा संदर्भ कोरा असूंच शकत नाहीं; होअरनें १९६५ सालीं घेतलेली सवलत तिनें परत घेतली आहे. परंतु कर्नलांतील सी भाषेच्या ओळींची संख्या कोटींच्या घरांत आहे. त्यामुळें तळाचे पत्ते बंदच ठेवले जातात, आणि कोऱ्या पॉइंटराची तपासणी वगळूं नये, अशी ताकीद कर्नल तयार करितांना कंपायलरास देण्यांत येते.