फुरसतीचा इतिहास कुठून सुरू करायचा? पुरुषोत्तमनगरच्या निमित्ताने

'शिकलेल्या नोकरदार तरुणांची जीवनशैली आणि फुरसत' असा विषय निघाला की आपलं बोट नकाशावर थेट पुण्या-मुंबईवर जातं. आयटी पार्क, कॅफे, मॉल, शनिवार-रविवारचा ट्रेक. 'यप्पी' हा शब्दही १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांतून पसरला. 'न्यूजवीक'ने तर १९८४ला यप्पींचं वर्ष ठरवलं. या सगळ्या वर्णनांत भर असतो तो माणूस काय विकत घेतो यावर. तुम्ही संशोधनाचा आराखडा लिहीत असाल, तर एक सुचवायचं आहे: खरेदीपासून नको, कामाच्या वेळापत्रकापासून सुरुवात करा.

उदाहरण म्हणून नंदुरबार जिल्ह्यातलं पुरुषोत्तमनगर घेऊ. शहाद्याजवळची ही सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची जागा. कारखाना पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकारानं उभा राहिला. सहकारी साखर कारखाना म्हणजे नुसती चिमणी आणि गव्हाण नव्हे. त्याला केमिस्ट लागतात, अभियंते लागतात, शेतकी अधिकारी, लेखापाल लागतात. महाराष्ट्रात अशा कारखान्यांनी शहरात शिकलेली माणसं शेतांच्या मधोमध आणून बसवली. म्हणजे आपला 'शहरी नोकरदार' इथेही सापडतो.

आता त्याची सुट्टी बघा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १० जून १८९० रोजी. आज आपण रविवार गृहीतच धरतो. पण गळीत हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चोवीस तास चालतो. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतारा घसरतो, त्यामुळे रविवार आला म्हणून गव्हाण थांबत नाही. पाळीतल्या केमिस्टची साप्ताहिक सुट्टी बुधवारी आली, तर त्या दिवशी मुलं शाळेत असणार. मोकळा वेळ आहे, पण तो कोणाबरोबर घालवायचा?

वर्षाचंही तसंच. शहादा तालुक्यातली सारंगखेड्याची दत्त जयंतीची यात्रा, तिथला घोडेबाजार, हे सगळं मार्गशीर्षात, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. तोरणमाळ हिरवंगार होतं पावसाळ्यात, तेव्हा गाळप बंद असतं. पण अभियंत्याला तेव्हाही पूर्ण मोकळीक नसते, कारण यंत्रांची देखभाल-दुरुस्ती याच काळात उरकायची असते. म्हणून मुलाखतीत 'फुरसतीत काय करायचात?' असं विचारू नका. 'त्या वर्षी गाळप कधी संपलं? मग तुम्ही कुठे गेलात?' असं विचारा. आणि हाच प्रश्न घरातल्या बाईला वेगळा विचारा. नवऱ्याची पाळी बदलली की तिच्या स्वयंपाकाच्या वेळाही बदलतात. तिची सुट्टी कुठल्याच हजेरीपटावर नसते.

ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७च्या प्रसिद्ध लेखात कारखान्याच्या घड्याळानं माणसाची वेळेची समज कशी बदलली ते मांडलं. साखर कारखान्यात मात्र घड्याळाला ऋतूचीही जोड असते, म्हणून तो लेख इथे जसाच्या तसा लावू नका.

खरा मुद्दा पुढेच आहे. गाळप बंद झाल्यावरचे तेच महिने तिघांना तीन तऱ्हेचे येतात. कायम अधिकाऱ्याला पगारी रजा काढता येते. हंगामी कामगाराला ते बिनकामाचे महिने असतात, त्यात मिळणारा भत्ता पगाराहून कमी. आणि ऊसतोड मजूर? नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी आदिवासी कुटुंबं दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांसाठी ऊस तोडायला जातात. यान ब्रेमन यांनी त्या मजुरांवर विस्तारानं लिहिलं आहे. हंगाम संपला की ही माणसं घरी परततात, पण उचल फिटली नसेल तर पुढचा हंगाम आधीच बांधलेला असतो. त्या दिवसांना 'फुरसत' म्हणायचं का?

तुम्ही फक्त अधिकाऱ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केलात तर प्रबंध पूर्ण होईल, त्यात चूकही निघणार नाही. पण फुरसत ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, असाच त्याचा निष्कर्ष निघेल. हजेरीपट, पाळीपत्रक, कारखान्याचे वार्षिक अहवाल आणि मजुरांच्या मुलाखती शेजारी ठेवल्यात, तर मोकळा वेळ कोणाच्या वाट्याला येतो आणि तो कोण ठरवतं, हे दिसायला लागेल. विषय तोच राहील, प्रश्न मात्र बदलेल.