हिमरू आणि उसना हार

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी हें नगर वसविलें. औरंगजेबाच्या काळांत त्याचें औरंगाबाद झालें. आज तेंच छत्रपती संभाजीनगर होय. मोगल सरदारांचे वाडे येथें उभे राहिले आणि किनखाबाची मागणी वाढली. परंतु सोन्यारुप्याच्या जरीचा किनखाब परवडणारीं घरें थोडीं. त्याच्यासारखें दिसणारें स्वस्त वस्त्र विणकरांनीं सुती ताण्यावर रेशमाची नक्षी उठवून विणलें. तोच हिमरू. फारसी 'हम-रू', म्हणजे सारख्या चेहऱ्याचा, यावरून हें नांव आलें असें सांगतात.

अस्सल आणि नक्कल यांचा हाच प्रश्न फ्रेंच कथाकार मोपासाँ यानें १८८४ सालच्या आपल्या प्रसिद्ध लघुकथेंत मांडला. सरकारी कारकुनाची पत्नी मातिल्द मेजवानीसाठीं श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते. एका रात्रीपुरता तिचा थाट सरदारणीचा असतो. घरीं येऊन पाहते तों गळा मोकळा! पतिपत्नी तसाच दुसरा हार ३६,००० फ्रँकांस घेतात आणि चकार शब्द न काढतां परत करतात. निम्मी रक्कम वडिलार्जित, निम्मी कर्जाऊ. तें कर्ज फेडण्यांत दहा वर्षें जातात. मोलकरीण जाते, हात राठ होतात, रूप कोमेजतें. अखेर मैत्रीण भेटते, तेव्हां कळतें कीं मूळ हार खोटा होता. किंमत फार तर ५०० फ्रँक!

याला केवळ दैवदुर्विलास म्हणून चालणार नाहीं. मातिल्दला खोट्या हिऱ्यांनीं बुडविलें नाहीं, मौनानें बुडविलें. हार हरवला, एवढें एक वाक्य उच्चारलें असतें तर दहा वर्षें वांचलीं असतीं. पण त्यासाठीं आपली गरिबी मैत्रिणीपुढें उघडी करावी लागली असती. मैत्रिणीनेंही हार देतांना तो नकली असल्याचें सांगितलें नव्हतें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल. डौल दोघींचाही, एकीला तो पेलला, दुसरीला पेलला नाहीं, इतकेंच.

हिमरूचें तसें झालें नाहीं. आपण दुसऱ्यासारखे आहों, हें त्यानें नांवांतच सांगून टाकलें. पुढें निजामाच्या राजवटींत हैदराबादच्या उमरावांनीं हिमरूच्या शेरवान्या हौसेनें वापरल्या, आणि एकेकाळची नक्कल स्वतःच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. आपल्याकडे लग्नकार्यांत ऋण काढून सण करणारीं घरें कमी नाहींत. तेथें उसन्या दागिन्याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. तो उसना आहे हें लपविण्याची किंमत मात्र मोठी असते.